अर्थव्यवस्थांचे प्रकार आणि त्यांची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडवलशाही बरी की समाजवाद, यावर लोक तासन्‌तास भांडतात आणि शेवटी लक्षात येतं की दोघांच्या मनात त्या शब्दांचे अर्थच वेगळे होते. म्हणून इथे शब्दांपेक्षा व्यवहाराकडे पाहिलं आहे. वस्तू कोण बनवतं, कोणाच्या सांगण्यावरून बनवतं, ती कोणाच्या वाट्याला जाते, आणि निर्णय चुकला तर झळ कोणाला बसते? यातला शेवटचा प्रश्न पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे तो पुढे पुन्हा पुन्हा येईल.

अर्थव्यवस्थेचा ‘प्रकार’ म्हणजे नेमकं काय?

माणसांचे हात, जमीन, पाणी, यंत्रं, वेळ हे सगळं मोजकं असतं आणि गरजा त्याहून जास्त. त्यामुळे काय आणि किती बनवायचं, कसं बनवायचं आणि ते कोणाला मिळायचं, हे प्रत्येक समाजाला ठरवावंच लागतं. ठरवण्याची जी रीत रुळते, तिला आपण अर्थव्यवस्थेचा प्रकार म्हणतो. जिथे पूर्वापार चालत आलेला रिवाज ठरवतो ती पारंपरिक, सरकार आदेश देतं ती नियोजित, खरेदीविक्रीतून ठरतं ती बाजाराधिष्ठित आणि या रीती एकमेकींत मिसळतात ती मिश्र.

भांडवलशाही म्हणजे बाजार आणि समाजवाद म्हणजे नियोजन, असं समीकरण बरोबर आहे का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. यात दोन वेगळे प्रश्न एकात गुंडाळले जातात. कारखाना कोणाच्या मालकीचा, हा एक. त्यात काय बनवायचं हे कोण ठरवतं, हा दुसरा.

अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरिकांसाठी मोटारी बनवणं बंद झालं. कारखाने खासगीच राहिले, पण रणगाडे, विमानं आणि इंजिनं किती बनवायची हे सरकार ठरवू लागलं. मालकी खासगी, निर्णय सरकारी. आजच्या चीनमध्ये याच्या उलट चित्रही दिसतं. पूर्णपणे सरकारी मालकीच्या कंपन्या बाजारात एकमेकींशी स्पर्धा करतात आणि भाव पाहून माल बनवतात. युगोस्लाव्हियाने १९५० पासून तिसराच मार्ग धरला. मालकी समाजाची, कारभार कामगारांनी निवडलेल्या मंडळांकडे आणि विक्री बाजारात.

तुलना करताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

पारंपरिक अर्थव्यवस्था म्हणजे मागासलेली अर्थव्यवस्था का?

हा समज मला खटकतो. रिवाजावर चालणाऱ्या व्यवस्थांनी काही प्रश्न इतके नेटके सोडवले आहेत की आधुनिक अर्थशास्त्राला ते समजायलाच वेळ लागला. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या डोंगराळ गावाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात गुरं चरायला न्यायची वरची कुरणं सगळ्या गावाची. अशा सामाईक कुरणावर प्रत्येक जण जास्तीत जास्त गुरं सोडेल आणि कुरण उजाड होईल, असा तर्क पुढे अनेकांनी मांडला. टोर्बेलच्या लोकांनी १५१७ मध्येच नियम लिहून ठेवला होता: हिवाळ्यात जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतात, त्याहून जास्त गायी कुरणावर पाठवायच्या नाहीत.

या नियमाची खुबी पाहा. तो पाळला जातोय की नाही हे कळायला कोणी अधिकारी लागत नाही, शेजाऱ्याच्या गायी कोणालाही मोजता येतात. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा सामाईक व्यवस्थांचा अभ्यास केला आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

रिवाजाची मर्यादाही खरी आहे. माणसं एकमेकांना ओळखत असतील तोवर तो चालतो, लाखो अनोळखी लोकांमध्ये विरतो. शिवाय रिवाजाने ठरवलेली जागा बदलणं कठीण असतं. ज्याच्या वाट्याला हलकं काम आलं, त्याच्या मुलांच्याही वाट्याला तेच येतं.

बाजारात वरून कोणी काही ठरवत नाही, तर वस्तू योग्य जागी पोहोचतात कशा?

भावामुळे. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पाराना भागात कडाक्याचं हिम पडलं आणि कॉफीचे मळे जळून गेले. पुढच्या दोन वर्षांत जगभर कॉफीचे भाव कित्येक पटींनी चढले. दुसऱ्या खंडात कॉफी पिणाऱ्याला पाराना कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. कॉफी महागली म्हणून त्याने कमी प्यायली. दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याने त्याच भावाकडे पाहून नवी रोपं लावली. कोणी आदेश काढला नाही, तरी ब्राझीलमधली बातमी दोघांपर्यंत एका आकड्यातून पोहोचली.

अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी १९४५ मध्ये हाच मुद्दा मांडला. अर्थव्यवस्था चालवायला लागणारं ज्ञान कोणा एकाजवळ कधीच नसतं, ते लाखो लोकांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं असतं आणि भाव ते जोडतो. चूक दुरुस्त व्हायची सोयही इथेच आहे. कोणाला नको असलेला माल बनवणारा तोट्यात जातो आणि त्याला थांबावं लागतं.

पण या आकड्यात काय मावत नाही, तेही पाहायला हवं. नदीत सोडलेलं रसायन मालाच्या भावात दिसत नाही, त्याची किंमत खालच्या गावातले लोक मोजतात. आणि सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे बाजाराला भूक दिसत नाही, फक्त खिशातला पैसा दिसतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, आणि त्याच काळात त्याच देशाच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे पैसा होता, उपाशी माणसाकडे नव्हता. भावाने आपलं काम चोख केलं आणि माणसं मेली. बाजाराची स्तुती करताना हे विसरणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

केंद्रीय नियोजन प्रत्यक्षात चालायचं कसं?

सोव्हिएत संघात १९२१ मध्ये ‘गोसप्लान’ ही नियोजन संस्था स्थापन झाली आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. पद्धत ढोबळमानाने अशी: पोलाद, कोळसा, सिमेंट अशा प्रत्येक मुख्य वस्तूचा ताळेबंद मांडायचा. एका बाजूला देशात किती तयार होईल, दुसऱ्या बाजूला कोणाकोणाला किती लागेल. दोन्ही बाजू जुळेपर्यंत आकडे हलवायचे, मग मंत्रालयांमार्फत प्रत्येक कारखान्याला उत्पादनाचं लक्ष्य द्यायचं.

यातून काहीच साधलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. शेतीप्रधान देश दोन दशकांत अवजड उद्योगांचा देश झाला, नाझी जर्मनीच्या सैन्यापुढे टिकला, १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह आणि १९६१ मध्ये पहिला माणूस अंतराळात पाठवला. लक्ष्य एकच आणि स्पष्ट असेल, तर सगळी साधनं तिकडे वळवायला आदेशाची रीत फार परिणामकारक असते. त्याची किंमत मात्र भयंकर होती. औद्योगिकीकरणासाठी शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य काढून घेतलं गेलं आणि १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि दक्षिण रशियात लक्षावधी माणसं मेली.

रोजच्या वापराच्या हजारो वस्तूंचा प्रश्न आला, तिथे ही रीत अडखळली. लक्ष्य वजनात दिलं की कारखाने जड वस्तू बनवत. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी स्वतः जाहीर तक्रार केली होती की झुंबरं उगाच जड बनवली जातात, कारण लक्ष्य टनांत मोजलं जातं. यंदा लक्ष्यापेक्षा जास्त बनवलं तर पुढच्या वर्षी लक्ष्य वाढतं, म्हणून व्यवस्थापक आपली खरी क्षमता लपवत. कच्चा माल वेळेवर येईल याचा भरवसा नाही, म्हणून मिळेल तेव्हा साठवून ठेवत. अडलेला माल ओळखीपाळखीने मिळवून देणारी माणसं कारखाने पदरी ठेवत, त्यांना ‘तोल्काच’ म्हणत. ही माणसं आळशी किंवा लबाड नव्हती. त्यांना जे नियम दिले होते, त्यांत शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

त्या काळी आजचे संगणक असते, तर नियोजन यशस्वी झालं असतं का?

हा वाद शंभर वर्षं जुना आहे. ऑस्ट्रियाचे अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० मध्ये म्हटलं, उत्पादनाच्या साधनांचा बाजारच नसेल तर त्यांचे भाव नसतील, आणि भाव नसतील तर कोणता मार्ग काटकसरीचा हे कळणार कसं? पोलंडचे समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांनी १९३० च्या दशकात उत्तर दिलं की नियोजन मंडळ अंदाजाने भाव ठरवेल, टंचाई झाली की वाढवेल, साठा पडून राहिला की उतरवेल. आयुष्याच्या अखेरीस लांगे म्हणू लागले की आता संगणकच ही समीकरणं क्षणात सोडवेल.

सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९३९ मध्ये प्लायवुडच्या कारखान्याची अडचण सोडवताना त्यांनी मोजक्या साधनांचा सर्वोत्तम वापर शोधायची गणिती पद्धत काढली, आणि त्या गणितातून प्रत्येक साधनाची एक प्रकारची किंमतच बाहेर पडली. बाजार नसलेल्या देशात भाव गणिताच्या दारातून परत आला. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. चिलीत १९७१ ते १९७३ या काळात ‘सायबरसिन’ नावाचा प्रयोग झाला, त्यात कारखान्यांची रोजची आकडेवारी टेलेक्सने राजधानीत आणायची होती. लष्करी बंडानंतर तो संपला.

माझं मत असं आहे की अडचण हिशोबाच्या वेगाची कधीच नव्हती, अडचण खऱ्या आकड्यांची होती. ज्याच्या बढतीची दोरी आकड्याला बांधली आहे, तोच आकडा कळवणार असेल, तर जगातला सर्वांत वेगवान संगणकही खोट्या आकड्यांचीच बेरीज करेल.

समाजवाद आणि साम्यवाद यांत फरक काय?

मार्क्सच्या परंपरेत समाजवाद ही वाटचाल आहे आणि साम्यवाद हे मुक्काम. समाजवादात उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची, पण राज्यसंस्था असते आणि मोबदला कामाप्रमाणे मिळतो. साम्यवादात वर्ग आणि राज्यसंस्था दोन्ही उरत नाहीत, प्रत्येकाने कुवतीप्रमाणे द्यायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं. आपण साम्यवादाला पोहोचलो, असा दावा एकाही कम्युनिस्ट पक्षाच्या राजवटीने केलेला नाही. सोव्हिएत संघाच्या अधिकृत नावातही ‘समाजवादी’ हाच शब्द होता.

सामाजिक लोकशाही ही तिसरी गोष्ट. तीत कारखाने खासगी राहतात, बाजार राहतो, आणि कर, विमा व कामगार कायद्यांतून त्याची धार बोथट केली जाते.

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे हे समाजवादी देश आहेत का?

नेहमीच्या अर्थाने नाहीत. डेन्मार्कचे तेव्हाचे पंतप्रधान लार्स लोके रासमुसेन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की आमची अर्थव्यवस्था बाजाराधिष्ठित आहे. तिथे आणि स्वीडनमध्ये कायद्याने ठरलेलं किमान वेतनही नाही. कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना बसून सामूहिक करार करतात आणि त्यातून वेतन ठरतं.

वेगळं आहे ते हे की या देशांत राष्ट्रीय उत्पन्नाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून मोठा हिस्सा करांतून जमा होतो आणि त्यातून शिक्षण, उपचार, बालसंगोपन, बेकारीभत्ता चालतो. डेन्मार्कमध्ये मालकाला कामगार कमी करणं तुलनेने सोपं आहे, पण काम गेलेल्या माणसाला चांगला भत्ता आणि नवं कौशल्य शिकायची सोय मिळते. मला या रचनेत फार शहाणपण दिसतं. बुडणारी कंपनी बुडू दिली जाते, माणूस मात्र बुडू दिला जात नाही.

नॉर्वेत सरकारी मालकीही मोठी आहे. ‘इक्विनॉर’ या तेल कंपनीत सरकारचा ६७ टक्के वाटा आहे, आणि तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी एका निधीत जातो. त्यात पहिली रक्कम १९९६ मध्ये पडली. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या सरकारी गुंतवणूक निधींपैकी एक आहे.

चीनला कोणत्या रकान्यात बसवायचं?

रकान्यात बसवण्याआधी तिथे काय घडलं ते पाहू. १९५८ मध्ये ‘मोठी झेप’ सुरू झाली. शेती सामुदायिक झाली, स्थानिक अधिकाऱ्यांनी वरिष्ठांना खूश करायला धान्याचे फुगवलेले आकडे कळवले, त्या आकड्यांवरून वसुली ठरली आणि गावांत खायला उरलं नाही. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी यावर नेमकं बोट ठेवलं: मुक्त वृत्तपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात असा दुष्काळ इतकी वर्षं लपून राहिला नसता.

मग १९७८ मध्ये आनह्वेई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी गुप्त करार केला. सामुदायिक जमीन कुटुंबांत वाटून घ्यायची, सरकारचा हिस्सा द्यायचा, उरलेलं पीक ज्याचं त्याचं. पकडले गेलो तर एकमेकांच्या मुलांना सांभाळू, असंही त्यात होतं. उत्पादन एकदम वाढलं, आणि विशेष म्हणजे सरकारने त्यांना तुरुंगात टाकण्याऐवजी ही रीत देशभर पसरू दिली. पुढे १९८० मध्ये शेनझेनसह चार विशेष आर्थिक क्षेत्रं निघाली. कारखान्यांना नेमून दिलेला माल सरकारी भावाने द्यायचा आणि वरचा माल बाजारभावाने विकायचा, अशी दुहेरी भावपद्धत आली. १९९२ मध्ये पक्षाने ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ हे नाव मान्य केलं. चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, असं जागतिक बँकेचा हिशोब सांगतो.

आज तिथे खासगी कंपन्या भरपूर आहेत, पण शहरी जमीन राज्याची, शेतजमीन सामुदायिक मालकीची, मोठ्या बँका सरकारी आणि शेवटचा शब्द पक्षाचा. राज्यनियंत्रित भांडवलशाही म्हणा किंवा समाजवादी बाजार म्हणा. मला शिकण्यासारखं वाटतं ते त्यांचं क्रमाक्रमाने जाणं: आधी एका कोपऱ्यात करून पाहा, चाललं तर पसरवा.

दोन जर्मनी आणि दोन कोरिया पाहून निकाल लागत नाही का?

बराचसा लागतो, पण सांभाळून. पश्चिम जर्मनीत जून १९४८ मध्ये नवं चलन आलं आणि तिथला आर्थिक कारभार पाहणारे लुडविग एर्हार्ड यांनी बहुतेक भावनियंत्रणं उठवली. पूर्वेकडे नियोजन आलं. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख माणसं पूर्वेकडून निघून गेली, आणि ती थांबावीत म्हणून ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत बांधली गेली. आपल्याच लोकांना आत ठेवायला भिंत लागावी, हा त्या व्यवस्थेवरचा मोठा शेरा आहे. तरी हेही लक्षात घ्यावं की पश्चिमेला मार्शल योजनेतून अमेरिकेची मदत मिळाली आणि पूर्वेकडचे कारखाने सोव्हिएत संघाने युद्धाची भरपाई म्हणून उचलून नेले.

दक्षिण कोरिया निव्वळ बाजारामुळे पुढे गेला, असं बाजारवादी सांगतात, पण कोरियाचं उदाहरण तसं नाहीच. दक्षिण कोरियात १९६१ मध्ये लष्करी राजवटीने बँका ताब्यात घेतल्या, १९६२ पासून पंचवार्षिक योजना आखल्या, १९६८ मध्ये सरकारी पोलाद कंपनी काढली. कोणत्या उद्योगाला स्वस्त कर्ज द्यायचं, हे सरकार ठरवत होतं. फरक हा की कर्ज घेणाऱ्याला परदेशात माल विकून दाखवावा लागे. परदेशी गिऱ्हाइकाला खोटा आकडा चालत नाही.

विषमता कुठे कमी असते?

फक्त प्रकारावरून सांगता येत नाही. दक्षिण आफ्रिका आणि स्लोव्हाकिया या दोन्ही आज बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्था आहेत. उत्पन्नातली विषमता मोजणारा गिनी निर्देशांक (० म्हणजे पूर्ण समानता, १ म्हणजे टोकाची विषमता) पहिल्या देशात सुमारे ०.६३, जगातल्या सर्वांत जास्तपैकी, आणि दुसऱ्यात ०.२५ च्या आसपास, सर्वांत कमीपैकी. एका देशात वर्णभेदाने जमीन, शिक्षण आणि कामाच्या संधी पिढ्यान्‌पिढ्या हिरावून घेतल्या होत्या. असा इतिहास निर्देशांकात मुरलेला असतो.

सोव्हिएत संघात पगारांत फार तफावत नव्हती, पण विषमता दुसऱ्या रूपात होती: वरिष्ठांसाठी वेगळी दुकानं, वेगळी रुग्णालयं, चांगली घरं. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. रांगेत गेलेला वेळ हीसुद्धा किंमतच, फक्त ती कोणाच्या पदरात पडत नाही.

सरकारने भाव बांधून दिले तर गरिबांना फायदा होतो ना?

पुरवठा आणि वाटप यांची सोय न करता नुसता भाव बांधला, तर माल गायब होतो. झिंबाब्वेत २००७ च्या मध्याला दुकानदारांना भाव निम्म्यावर आणायचा हुकूम निघाला आणि काही आठवड्यांत फळ्या रिकाम्या झाल्या. उलट ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात भावनियंत्रणाला शिधावाटपाची जोड दिली, प्रत्येकाचा वाटा ठरवला, आणि ती पद्धत १९५४ पर्यंत चालली. संकटात असं वाटप न्याय्य असतं, असं माझं ठाम मत आहे.

सोव्हिएत संघ संपल्यावर रशियात बाजार आला, तरी लोकांचे हाल का झाले?

बाजार म्हणजे फक्त भाव मोकळे करणं नव्हे, म्हणून. २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक भाव मोकळे झाले आणि त्या एका वर्षात महागाई २,५०० टक्क्यांवर गेली. आयुष्यभराची बचत महिन्यांत विरघळली. त्याच वर्षी सरकारी कंपन्यांत हिस्सा घेता येईल अशी खासगीकरणाची प्रमाणपत्रं नागरिकांना वाटली गेली, पण अडलेल्या माणसांनी ती मिळेल त्या किमतीला विकली. १९९५ मध्ये सरकारला कर्ज देण्याच्या बदल्यात मोठमोठ्या तेल आणि खनिज कंपन्या मोजक्या लोकांच्या हाती अल्प किमतीत गेल्या. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये ५८ वर्षांच्या खाली उतरलं. करार पाळायला लावणारी न्यायालयं, स्पर्धेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, निराधारांसाठी आधार, यातलं काहीच धड उभं नव्हतं.

पोलंडनेही १ जानेवारी १९९० पासून असाच जोराचा धक्का घेतला होता. तिथेही बेकारी वाढली, पण काही वर्षांत गाडी रुळावर आली. तिथल्या मोठ्या सरकारी कंपन्यांचं खासगीकरण बरंच सावकाश झालं, हे एक कारण मला पटतं.

कामगारांच्याच मालकीचे उद्योग हा मधला मार्ग होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. स्पेनच्या बास्क प्रदेशातली ‘मोंद्रागोन’ ही सहकारी उद्योगांची संघटना १९५६ मध्ये सुरू झाली, आज तिथे हजारो माणसं काम करतात. सभासद कामगाराला एक मत, मग तो यंत्रावर असो की कचेरीत, आणि वरच्या व खालच्या पगारातलं प्रमाण बांधलेलं. त्यातली घरगुती उपकरणं बनवणारी ‘फागोर’ ही कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या अनेक सभासदांना इतर सहकारी उद्योगांत सामावून घेतलं गेलं. बाजारात टिकायचं, तोटा सोसायचा, पण तो वाटून सोसायचा.

अडचण भांडवलाची असते. बाहेरच्याला मताधिकार द्यायचा नाही म्हटल्यावर मोठा पैसा उभा करणं कठीण जातं. सभासदांना आज घरी न्यायचा पगार आणि उद्यासाठीची गुंतवणूक यांतही ओढाताण होते. युगोस्लाव्हियात तेच झालं.

२००८ ची मंदी म्हणजे भांडवलशाहीचं अपयश की सरकारचं?

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी कारखान्यांचं एक दुखणं ओळखलं होतं. तोटा झाला तरी सरकार सावरून घेणार हे ठाऊक असल्यामुळे कोणी जपून वागत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये ‘लेहमन ब्रदर्स’ ही अमेरिकेतली गुंतवणूक बँक बुडाली आणि दुसऱ्याच दिवशी ‘एआयजी’ या विमा कंपनीला वाचवायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८,५०० कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं. नफा खासगी आणि तोटा सगळ्यांचा, असं झालं की कोर्नाईंचं निदान भांडवलशाहीलाही तंतोतंत लागू पडतं. ज्यांची घरं गेली, त्यांना असं कर्ज कोणी देऊ केलं नाही.

आज शुद्ध बाजार किंवा शुद्ध नियोजन कुठे आहे?

कुठेच नाही. मुक्त बाजारासाठी नावाजलेल्या सिंगापूरमध्ये सुमारे नव्वद टक्के जमीन राज्याची आहे आणि पाचांतले चार रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. उत्तर कोरियात १९९० च्या दशकातल्या दुष्काळानंतर लोकांनी जगण्यासाठी बाजार सुरू केले आणि ते पुरते बंद करणं राजवटीलाही जमलेलं नाही. क्यूबाने २०२१ मध्ये लहान आणि मध्यम खासगी कंपन्यांना परवानगी दिली. भारताने १९५१ मध्ये नियोजन सुरू केलं, १९९१ मध्ये परवान्यांचं जाळं मोठ्या प्रमाणात सोडवलं, तरी बँका, रेल्वे आणि धान्यवाटपात सरकार आहेच.

मग एखाद्या देशाची अर्थव्यवस्था समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

घोषणा आणि राज्यघटनेतले शब्द बाजूला ठेवा. मोठा उद्योग तोट्यात गेला तर काय होतं ते पाहा. आजारी पडलेल्या गरीब माणसाचा खर्च कोण करतं ते पाहा. नवा धंदा सुरू करायला किती सह्या लागतात, वाईट मालकाचं काम सोडून दुसरीकडे जाता येतं का, हेही पाहा.

आणि देशाची आकडेवारी कोण गोळा करतं, ती नकोशी निघाली तर तिचं काय होतं, हे नक्की पाहा. सोव्हिएत संघात १९३७ मध्ये जनगणना झाली. लोकसंख्या नेतृत्वाने सांगितली होती त्याहून लक्षावधींनी कमी भरली, कारण दुष्काळात मेलेली माणसं मोजणीत येणार नव्हती. निष्कर्ष दडपले गेले, जनगणना खात्याच्या प्रमुखांना अटक झाली, काहींना गोळ्या घातल्या गेल्या, आणि १९३९ मध्ये माणसं पुन्हा मोजली गेली.